कुरणाचा हिशेब

पावसाळ्यात रहाटणीतून भटकायला निघण्याचे वार दोन. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून कामगार मंडळी गुरुवारी निघतात, हिंजवडीवाले शनिवार-रविवारी. मावळातल्या गडांवरचा भार असा दोन वाटण्यांत पडतो, आणि हे काही पर्यटन खात्याने ठरवलेलं नाही. तरीही 2023 च्या पावसाळ्यात लोहगडाच्या दरवाज्यांत माणसं तासन्‌तास खोळंबल्याचे व्हिडिओ घराघरांत पाहिले गेले. मग ठरलेली मागणी आली: आकडा ठरवा, दिवसाला इतकेच सोडा.

हा आकड्याचा विचार मुळात माणसांसाठी नव्हताच, गुरांसाठी होता. कुरणात किती जनावरं सोडली तर गवत पुन्हा फुटतं, याला धारणक्षमता म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, सुट्ट्या वाढल्या, अरण्यांत रीघ लागली, तेव्हा संशोधकांनी तोच हिशेब पर्यटकांना लावून पाहिला. जे. अ‍ॅलन वॅगर यांचा या विषयावरचा गाजलेला प्रबंध 1964 चा. पण जमीन कितीही तपासली तरी आकडा निघत नाही, हे वॅगर यांच्याच लक्षात आलं. गाईला एकांत नको असतो, माणसाला कधी तो हवा असतो आणि कधी नेमकी गर्दीच हवी असते. जागेकडून आपल्याला काय हवं ते ठरल्याशिवाय ‘जास्त’ म्हणजे किती, हे सांगता येत नाही.

यातून पुढे प्रश्नच बदलला. जॉर्ज स्टँकी, डेव्हिड कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडलं की माणूस आला की बदल होणारच. तेव्हा माणसं मोजण्याऐवजी कुठे, किती बदल चालवून घ्यायचा ते ठरवा. वाटेची रुंदी, तळावरची उघडी पडलेली माती, दिवसात भेटणारे दुसरे गट अशा गोष्टी मोजत राहा, आणि मर्यादा ओलांडली की हात घाला. मोंटानातल्या बॉब मार्शल अरण्यासाठी ही पद्धत वापरताना घोडेवाले, वाटाडे, पायी भटकणारे आणि अधिकारी काही वर्षं एकत्र बसत होते. 1987 मध्ये आराखडा झाला.

या संशोधनातला एक निष्कर्ष मात्र आपल्याकडे पोचायलाच हवा होता. कोरी जागा बिघडते ती सुरुवातीच्या थोड्या पावलांनी. पहिले काही तंबू पडले की गवत जातं, माती दबते. त्यानंतर माणसं दुप्पट झाली तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून तुडवलेल्या जागी गर्दी राहू द्यावी, न तुडवलेली जागा जपावी. या हिशेबाने लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर कणीस खात भिजणारी गर्दी, जिला आम्ही ट्रेकर लोक नाकं मुरडतो, ती रानावर उपकारच करते. रानाला खरा धोका ‘कुणालाच माहीत नसलेला धबधबा’ म्हणून रील टाकणाऱ्याचा. माणसाच्या जिवालाही. 30 जून 2024 ला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते या पायऱ्यांवरून नव्हे, धरणामागच्या धबधब्यातून.

आपल्याकडे आकडा नीट लावला गेला तो कास पठारावर. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव आलं आणि साताऱ्याच्या वरच्या त्या कातळावर मोटारींच्या रांगा लागल्या. आगाऊ नोंदणी आली, दिवसाला 3000 ची मर्यादा आली, आसपासच्या गावांच्या समित्यांकडे कारभार आला. हे सगळं चांगलंच झालं. पण जोडीला कुंपण आलं, आणि कुंपणाने माणसांबरोबर गुरंही अडवली. चराई थांबल्यावर उंच गवत माजलं आणि कातळावरच्या बोटभर उंचीच्या फुलांना जागा उरेना, असं वनस्पती अभ्यासक सांगू लागले. शेवटी कुंपण काढावं लागलं. ज्या हिशेबाची सुरुवात गुरांपासून झाली, त्यात गुरंच धरायची राहिली होती!

व्याघ्र प्रकल्पांचा आकडा न्यायालयामुळे आला. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नियमांसह, गाभ्याचा 20 टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला द्यायचा नाही, या अटीवर. ताडोब्यात गेट आहे, जिप्सी मोजता येतात. मावळात डोंगराला दहा वाटा, आणि भीमाशंकरला तर अभयारण्यातच ज्योतिर्लिंग. श्रावणी सोमवारी आलेल्याला शेकरूच्या झोपेचं कारण सांगून कोण परत पाठवणार? त्याला एकांत नकोच आहे, त्याला दर्शन हवं आहे. अमेरिकेतल्या त्या मांडणीत हा माणूस नव्हता. तो धरूनच आपल्याला मांडणी करावी लागेल.

सध्या आपल्याकडे मांडणी नाही, मनाई आदेश आहे. दुर्घटना घडली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पाऊस ओसरला की तोही ओसरतो. 15 जून 2025 च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण गेले. तिथेही धोक्याचा फलक होताच. नदी जवळून पाहायला आलेल्यांनी उभं कुठे राहायचं, हे मात्र कुणी आखून दिलं नव्हतं.

लोहगडाचं नाव जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत लागलं. आता गर्दी वाढणारच. दरवाज्यातून तासाला किती जण सोडायचे ते पुरातत्त्व खातं ठरवेल. पण विंचूकाट्याच्या सोंडेवरची वाट किती रुंद होऊ द्यायची, हे ठरवायला वनखातं हवं, लोहगडवाडीत झुणका-भाकर विकणाऱ्या बायका हव्यात, मळवलीचे रिक्षावाले हवेत. आणि रहाटणी-काळेवाडीचाही कुणी हवा, कारण गर्दी आमचीच असते.