विद्यार्थ्याचा योग आणि घरची दिनचर्या

'मुलाला बुद्धी आहे, पण अभ्यासात चित्त लागत नाही,' ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. उपाय म्हणून शिकवणी बदलतात, नवी पुस्तके आणतात, प्रसंगी मुलालाच बोल लावतात. परंतु मूल निजते केव्हा, उठते केव्हा, जेवताना त्याचे मन कोठे असते, ह्याचा विचार क्वचितच होतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात, सोळाव्या व सतराव्या श्लोकांत, भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, जो अति खातो किंवा मुळीच खात नाही, जो अति झोपतो किंवा सदा जागतो, त्याला योग साधत नाही. ज्याचे आहारविहार व निद्राजागरण परिमित, त्याचाच योग दुःख हरण करतो. हे वचन योग्यासाठी आहे खरे. पण चित्त एका विषयावर स्थिर करू पाहणारा विद्यार्थी तरी दुसरे काय करीत असतो? दिवसा शिकलेले पुष्कळ अंशी झोपेतच दृढ होते, असे आधुनिक शास्त्र सांगते. म्हणून ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास निद्रा हवी. अन्नाचेही तसेच. भुकेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे कसे लागणार? इ. स. २००० मध्ये आमच्या बंगळूर नगरीत ५ शाळांतील १५०० मुलांना दुपारचे जेवण देऊन अक्षयपात्र संस्थेचे कार्य सुरू झाले. तेथे अन्नदान हेच विद्यादानाचे पहिले अंग ठरले.

आता दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे वळू. विषयांच्या सतत चिंतनाने आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश, अशा पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत. मुलाच्या हातून फोन काढून घेताच तो कसा संतापतो, हे कोणी पाहिले नाही? क्रोधाची पायरी आली, म्हणजे स्मृतीची पायरी दूर नाही. बंगळुरातील निम्हान्स ह्या प्रसिद्ध संस्थेस फोन व संगणक ह्यांच्या अतिरेकी सवयीवर उपचार करण्यासाठी २०१४ साली स्वतंत्र चिकित्सालय उघडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले की, एक वर्षाच्या आतील बालकास पडद्यासमोर बसवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक नको, आणि त्याहूनही कमी असल्यास उत्तम.

येथे मला स्वतःचा दोष सांगणे प्राप्त आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला मी रोज सायंकाळी पंधराव्या अध्यायाची संथा देत असे. श्लोक अवघे वीस, तरी तो वारंवार अडखळे आणि मी रागावे. एके दिवशी तो हळूच म्हणाला, "बाबा, मी म्हणत असतो तेव्हा तुम्ही फोन बघत असता. मग माझे कोठे चुकले, हे तुम्हांला कसे कळते?" प्रकाशकाचा निरोप आला का, हे मी पाहत होतो. मला उत्तर देता आले नाही. श्रेष्ठ जसे आचरण करतो तसेच इतर करतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन मी कितीदा तरी लोकांना समजावून सांगितले होते. परंतु मुलाच्या दृष्टीने श्रेष्ठ म्हणजे घरातील आईबापच, हे त्या दिवशी मला उमगले.

त्या दिवसापासून दिवेलागणीला घरातील सर्व फोन, माझाही, एका फडताळात ठेवतो. जेवण सर्वांनी एकत्र, नंतर थोडे पाठांतर, आणि ठरल्या वेळी निजणे. मुलगा एकाएकी एकपाठी झाला असे नाही, अजूनही चुकतो. पण आता आपली चूक तोच ओळखतो व पुन्हा आरंभापासून म्हणतो. चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून परत आणावे, हा जो अभ्यास भगवंतांनी सांगितला, तो ह्याहून निराळा काय असेल?

मुलांच्या बुद्धीची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक मातापित्याने प्रथम आपली सायंकाळ तपासावी. भगवान श्रीकृष्ण आपणां सर्वांस ती सुबुद्धी देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.