गिटार आणि गोठा

डिलाईल रोडला गाणं नवं नाही. गिरणगावात संपाची सभा असो की संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, पुढाऱ्याच्या आधी शाहीर उभा राहायचा. 1944 साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हापासून इथल्या कामगाराला डफाची थाप ऐकली की आपलं काहीतरी चाललंय हे कळायचं. शाहिरानं माणसं जमवायची आणि मागण्यांचा कागद दुसऱ्यानं लिहायचा, अशी ती वाटणी होती. आज ज्यांचं नाव या रस्त्याला आहे ते ना. म. जोशी कागद लिहिणारे. 1911 साली सोशल सर्व्हिस लीग, 1920 साली आयटक, आणि आयुष्यभर अर्ज, आकडे, कायदे.

पुढे गिरण्या बंद पडल्या. 2007 साली याच रस्त्यावर मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झालं आणि जिथे साचे खडखडत होते तिथे रॉक बँड वाजू लागले. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये एका रॉक गिटारवादकानं खगोलशास्त्राची पीएचडी पुरी केली. त्याचं नाव ब्रायन मे. त्याच्या क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला जवळचा वाटतो, कारण तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तिथलाच. त्याच्या शेजारी उभं राहून वाजवणाऱ्या मेची मला अधिक ओढ आहे, ती त्याच्या उत्तरायुष्यामुळे.

हा माणूस हातात घेतलेलं सोडत नाही. कोवळ्या वयात वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, तिच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, आणि तीच गिटार जन्मभर वाजवली. ग्रहांमधल्या धुळीवरचा प्रबंध क्वीनच्या यशापायी सत्तरच्या दशकात अर्धवट राहिला होता. तीस वर्षांनी परत बसून तो पुरा केला. 'वुई विल रॉक यू' त्याचंच. पायांचा ठेका आणि टाळी एवढ्यावर हजारो अनोळखी माणसं एकाच वेळी वाजवू लागतात, ही त्याची करामत. माणसं कशी जमवायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

2010 मध्ये त्यानं वन्यप्राण्यांसाठी एक विश्वस्त संस्था काढली आणि तिला आपल्याच 'सेव्ह मी' या गाण्याचं नाव दिलं. तिची मोठी लढाई बॅजरसाठी झाली. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, दिवसा बिळात राहून रात्री गांडुळं शोधणारा हा प्राणी. इंग्लंडमधल्या गुरांमध्ये क्षय पसरतो, त्याचा दोष शेतकऱ्यांनी आणि सरकारनं त्याच्यावर टाकला. 2013 मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशरमध्ये बंदुका चालू झाल्या. मेच्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या, संसदेत चर्चा झाली, मोर्चे निघाले. बंदुका थांबल्या नाहीत. दरवर्षी नवे तालुके त्यात येत गेले आणि मेलेल्या बॅजरांचा आकडा दोन लाखांपलीकडे गेला.

पुष्कळ कलावंतांचं निसर्गप्रेम इथवरच येतं. फोटो, सही, एखादी मैफल, मग दुसरा विषय. मे गोठ्यात शिरला. डेव्हनमधल्या एका दूध-उत्पादकाच्या फार्मवर तो डिक सिब्ली या पशुवैद्याबरोबर वर्षानुवर्षं जात राहिला, आणि तिथे त्याचा प्रश्नच बदलला. 'बॅजर मारू नका' म्हणणं सोपं होतं. पण मग ही गाय आजारी का पडते, याचं उत्तर त्या शेतकऱ्याला कोण देणार?

ती तपासणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. गायीच्या मानेवरचे केस कापतात, कातडीची घडी कॅलिपरनं मोजतात, सुईनं ट्युबरक्युलिन टोचतात. बहात्तर तासांनी डॉक्टर परत येऊन तीच घडी पुन्हा मोजतो. सूज ठरावीक मिलिमीटरच्या वर गेली की गाय कत्तलखान्यात. एका सकाळी घरच्या दहा-बारा गायी ट्रकमध्ये चढवाव्या लागणाऱ्या माणसाच्या रागाला जागा हवी असते, आणि बॅजर समोरच असतो. सिब्लीचं म्हणणं असं की या चाचणीतून काही आजारी गायी सुटतात, कळपातच राहतात आणि शेणातून रोग पसरवतात. त्या फार्मवर जास्त बारकाईच्या तपासण्या केल्या, आजारी गुरं वेगळी ठेवली, शेण आणि पाणी यांची स्वच्छता कडक केली. कळप क्षयमुक्त ठरला. 2024 मध्ये बीबीसीनं हे सगळं माहितीपटात दाखवलं, आणि त्याच महिन्यात नव्या ब्रिटिश सरकारनं या संसदेच्या मुदतीत, म्हणजे 2029 पर्यंत, हत्या बंद करण्याचं जाहीर केलं.

हा सगळा मेचाच विजय असं मी म्हणणार नाही. एका फार्मवरून देश ठरत नाही. सरकारी शास्त्रज्ञांच्या अभ्यासात हत्या झालेल्या भागांत क्षय 56 टक्के घटल्याचं दिसलं होतं. फक्त त्यात बंदुकीचा वाटा किती आणि कडक तपासण्यांचा किती, हे त्यांना वेगळं काढता आलं नाही. उलट बाजूला, 1998 पासून चाललेल्या मोठ्या प्रयोगात सुमारे 11,000 बॅजर मारून झाल्यावर 2007 च्या अहवालानं सांगितलं होतं की यातून फारसं काही साधणार नाही: मारण्यातून वाचलेले बॅजर घरं सोडून भटकतात आणि शेजारच्या गावात रोग नेतात.

ही गोष्ट आपल्याला जुन्नरनं आधीच सांगितलेली आहे. उसातला बिबट्या पिंजऱ्यात धरायचा, लांबच्या जंगलात सोडायचा, गाव सुटलं असं मानायचं. 2001 ते 2003 या काळात तिथे शंभरावर बिबटे असे धरले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेल्याचं दिसलं. घरातून उचललेलं जनावर बिथरतं, परक्या हद्दीत घुसतं किंवा परत फिरतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' बिबट्या माळशेजला सोडला, तर महामार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत आला. 2011 मध्ये तो रस्त्यावर गाडीखाली मेला.

आपल्याकडेही गाणारी माणसं रानासाठी उभी राहिली आहेत. 'इंडियन ओशन'चा राहुल राम पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर डॉक्टरेट करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करून मग पूर्ण वेळ मंचावर गेला. मेच्या नेमका उलटा प्रवास. आरेसाठी 'स्वदेसी'च्या पोरांनी प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' केलं, तेव्हा आरेतल्या केलटीपाड्याचं दुःख लोअर परळच्या कानावर गेलं. तरी 2019 च्या ऑक्टोबरमध्ये रात्री सुरू झालेल्या तोडीत दोन हजारांवर झाडं पडली आणि मेट्रोची कारशेड झालीच. गाण्याची किंमत मी यानं कमी करत नाही. गाण्याविना कुणी जमलंच नसतं. पण जमलेल्यांतल्या थोड्यांनी तरी गोठ्यापर्यंत जायला हवं होतं, आणि आजही जायला हवं.

आपण मुंबईकर बिबट्यावर मनापासून प्रेम करतो, कारण तो आपल्यासाठी बहुधा मोबाइलवर असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये तो उसाच्या सरीत असतो आणि पहाटे पाण्याची मोटर चालू करायला गेलेला बाप परत येईल की नाही याची घरात धास्ती असते. तिथली माणसं 'सगळे बिबटे न्या' म्हणतात तेव्हा त्यांना क्रूर ठरवणं आपल्याला सोपं जातं. ती क्रूर नाहीत, एकटी पडलेली आहेत. या गावांतल्या कितीतरी घरांचं एक दार मुंबईत उघडतं. तेव्हा बिबट्यासाठी पुढची सही कराल, त्या अर्जात आणखी तीन ओळी लिहा: शेतीला दिवसा वीज द्या, रात्री जनावरांसाठी बंदिस्त गोठा बांधायला पैसे द्या, ऊसतोड कामगारांच्या लेकरांना झोपायला पक्कं छत द्या.