शिकागोतली धडधड

11 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांची छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती. सकाळी बोलायचं धाडसच झालं नाही. हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहिलंय. मला ती कबुली त्या गाजलेल्या भाषणाइतकीच मोलाची वाटते. दुपारी सरस्वतीला मनोमन वंदन करून ते उठले आणि बोलले.

तुम्हालाही वडिलांशी, साहेबांशी, दुरावलेल्या भावाशी अवघड बोलायचं असेल, तर धडधड थांबायची वाट पाहू नका. हवा तर थोडा वेळ मागून घ्या, सावकाश श्वास सोडा, पहिलं वाक्य तेवढं ठरवा. आणि आज दुपारी बोलाच.