थरथरत्या रेषेपलीकडे

विन्सर मॅकेने १९१४ मध्ये पडद्यावर आणलेली डायनोसॉर गर्टी आज पाहताना आधी नजरेत भरते ती तिच्या मागच्या खडकांची थरथर. पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त प्राणी रेखाटायची सोय तिच्या वाट्याला आली नव्हती. गर्टीने मान वळवली की तळे, झाड, डोंगर सारे नव्या कागदावर पुन्हा गिरवायचे; जॉन फिट्झसिमन्स या तरुण मदतनिसाने ते हजारो वेळा केले. हात कितीही बसलेला असो, रेष केसभर सरकतेच. जुन्या प्राणीपटांची मोहिनी या हस्तस्पर्शात आहे असे म्हणतात. मला ते अपुरे वाटते. थरथर हा कष्टांचा माग आहे. मोहिनी आहे ती त्या कष्टांपायी चित्रकाराला कराव्या लागलेल्या निवडीत.

एका सेकंदाला डझनभर चित्रे लागत असतील, तर प्रत्येक केस, प्रत्येक पीस काढणे परवडत नाही. जनावरातले काय राखले म्हणजे ते जिवंत राहील, हे आधी ठरवावे लागते, आणि ठरवायचे तर नीट पाहावे लागते. मॅकेने स्वतःच्या श्वासाला घड्याळ लावले आणि त्या मापाने गर्टीचे पोट हलवले. रंग नाही, कातडीचा पोत नाही, तरी तिचे धूड जाणवते.

हे निव्वळ स्मरणरंजन आहे, असा आक्षेप येईल. पण मग एकाच काळातल्या दोन चित्रपटांपैकी एक जिवंत आणि दुसरा निर्जीव का वाटतो? शेपटी लावलेली माणसे नाचवणारे कितीतरी लघुपट आज कंटाळवाणे होतात, आणि ते योग्यच आहे. संगणकावर काम करणारेही निरीक्षण करतातच, हेही खरे. मात्र तिथे लक्षावधी केस दाखवता येतात, म्हणून गाळण्याची सक्ती सैल होते. मॅके रागावला की गर्टी रडते, हे माणसाचेच नव्हे का? अश्रू माणसाचे, पण त्याआधीची जड पावले तिची स्वतःची आहेत. डिस्नेच्या १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये तर रेष मुळीच थरथरत नाही. संवादही नाहीत. वादळात पवनचक्कीचे जुने चाक फिरू लागते, त्याच्या खोबणीत घरटे केलेली पक्षीण घाबरून अंग आक्रसते, आणि अंड्यांवरून उठत नाही.