काळजीचाही हिशेब मागावा

१२ सप्टेंबर २०२५च्या शुक्रवारी ‘डेमन स्लेयर’ मालिकेतला ‘इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमे चित्रपट भारतात लागला आणि मुंबईतल्या तरुण पोरांनी त्याला तुफान गर्दी केली. घरातल्या मोठ्यांच्या लेखी हे सगळं भुताखेतांचं कार्टून. पण कोयोहारू गोतोगे यांच्या चित्रकथेवरून २०१९मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत अगदी सुरुवातीलाच एक म्हातारा गुरू येतो, आणि तो मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी बघावा असा आहे. सकोंजी उरोकोदाकी त्याचं नाव. राक्षसांशी लढायला निघालेली पोरकी मुलं तो सांभाळतो, घडवतो आणि शेवटच्या परीक्षेला धाडताना प्रत्येकाला स्वतः कोरलेला कोल्ह्याचा मुखवटा देतो. आपण बाळाच्या दंडाला ताईत बांधतो, तसाच हा संकट टाळणारा मुखवटा. राक्षसांनी भरलेल्या डोंगरावर सात दिवस जिवंत राहायचं, एवढीच ती परीक्षा. त्या डोंगरावर अनेक हातांचा एक राक्षस दबा धरून असतो. त्याला पकडून तिथे कोंडलेलं असतं खुद्द उरोकोदाकीनं. त्याचा सूड म्हणून राक्षस म्हाताऱ्याच्या हातचं कोरीवकाम ओळखून नेमक्या त्याच मुलांना गाठतो. असे तेरा शिष्य त्यानं मारले. ज्या खुणेनं मुलं वाचायची, तिनंच ती हेरली गेली.

मुलं परत येत नाहीत, हे गुरूला दिसत होतं. त्यावर त्यानं काय केलं? तांजिरो नावाच्या नव्या शिष्यापुढे एक प्रचंड धोंडा ठेवला आणि तलवारीनं हा चिरलास तरच परीक्षेला सोडीन, असं सांगितलं. तांजिरोला पाठवायचं मुळी म्हाताऱ्याच्या मनातच नव्हतं. आणखी एका लेकराचं मरण त्याला बघायचं नव्हतं. पोरानं धोंडा चिरला तेव्हा म्हाताऱ्यानं मनातलं बोलून दाखवलं, त्याला जवळ घेतलं आणि निरोप देताना पुन्हा तसाच मुखवटा हातात ठेवला. या माणसाच्या मायेत तसूभरही खोट नाही. खोट आहे ती काळजीच्या रीतीत. एक तर त्यानं परीक्षेचं नाव घेऊन नकार लपवला. दुसरं म्हणजे आपला उपाय लागू पडतो की नाही, हे तेरा मुलं गमावूनही तपासलं नाही. मला वाटतं, वडीलधाऱ्यांच्या अतिकाळजीचा सगळा दोष या दोन गोष्टींत सामावलेला आहे. काळजी किती केली, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे जपानी गोष्टीपुरतंच आहे असं म्हणता येणार नाही, कारण गिरणगावानं हे भोगलेलं आहे. लालबाग-परळमध्ये बाप आपल्या हयातीत मुलाला गिरणीत चिकटवायचा. कामगार भरणाऱ्या जॉबरच्या हातापाया पडायचं, पोराला बदली कामगार म्हणून आत घुसवायचं आणि पुढेमागे तो कायम झाला की सुटलो म्हणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणाऱ्या माणसाकडे मुलाला द्यायला याहून मोलाचं काही नव्हतं: महिन्याचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी. पोराला दुसरं काही करावंसं वाटलं, तर ‘आधी पोटाचं बघ’ या एका वाक्यात विषय मिटायचा. मग १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्या घरात बाप, मुलगा आणि काका तिघेही गिरणीत होते, तिथे तिघांचा पगार एकाच दिवशी थांबला. ज्या बायकांसाठी अशी नोकरी कुणी राखून ठेवली नव्हती, त्यांतल्या कितीतरी जणींनी पोळ्या लाटून, धुणीभांडी करून घर ओढलं.

यावर कुणी म्हणेल, झाल्यावर शहाणपण सांगणं सोपं आहे. त्या बापाला पुढचं काय ठाऊक? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. संप इतका चिघळेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सत्तरच्या दशकातच भिवंडीचे यंत्रमाग गिरण्यांचं काम खेचू लागले होते. खुणा डोळ्यांपुढे होत्या. त्या वाचायची मोकळीक मात्र पोराला नव्हती. संपाचा दोष बापाच्या माथी मारणं अन्यायाचंच होईल. पण ‘मी तुझ्या भल्याचंच बघतो’ असं म्हणणाऱ्यानं ते भलं अधूनमधून तपासून पाहिलं पाहिजे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. राक्षस खरे असतात, मुलं लहान असतात, मग रोखायचंच नाही का? रोखायचं, जरूर रोखायचं, फक्त उघडपणे. त्याचा दाखला दहीहंडीत मिळतो. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गोविंदांचं वय आणि थरांची उंची यांवर बंधनं घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१७मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी राज्य सरकारनं न्यायालयात दिली. लोक भांडले, बाजू मांडल्या, नियम बदलले. पटो न पटो, नियम काय आणि कशासाठी, हे प्रत्येक पथकाला माहीत होतं. चांगल्या पथकात गुरुपौर्णिमेच्या सुमारास सराव सुरू होतो. वर चढणाऱ्या एक्क्याला हेल्मेट आणि दोर असतो, आणि तोल गेला तर काय करायचं हे खालच्या थराला आधीच शिकवलेलं असतं. तू पडू शकतोस, हे त्या मुलाला तोंडावर सांगितलेलं असतं. दोर बांधणारी आणि धोंडा ठेवणारी, दोन्ही माणसं मायेचीच. पण पहिला मुलाला त्याच्या धोक्यात भागीदार करून घेतो, दुसरा त्याला अंधारात ठेवतो.

आज गिरगाव-दादरच्या घरांत मुलांच्या मोबाइलचं लोकेशन तपासलं जातं, सातच्या आत घरात येण्याची ताकीद असते, आणि ‘आधी एवढे टक्के आण, मग बघू’ असं सांगताना ते ‘बघू’ कधीच यायचं नसतं. हे सगळं बंद करा, असं मी म्हणणार नाही. नकार द्यायचा असेल तर तो नकार म्हणूनच द्या, अशक्य अटीमागे लपवू नका. घातलेल्या बंधनाचं कारण सांगा, आणि वर्षभरानं त्याच मुलाला विचारा की याचा तुला उपयोग झाला की जाच. उत्तर कडू आलं तर मुखवटा बदला. ज्या काळजीला प्रश्न विचारायची सोय नाही, ती कितीही मायेची असली तरी मुलाच्या कामाची नाही.