छायाचित्राचा खरेपणा

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, हा समज आपल्यांत इतका रुजला आहे कीं, त्याविषयीं शंका काढणारा मनुष्य उगीच वितंडवाद घालतो असें वाटावें. आम्हीही आजवर त्याच समजुतींत होतों. परंतु बेलापूर येथील आमच्या एका मित्राच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें हा प्रश्न पुन्हां तपासून पाहणें आम्हांस भाग पडलें.

हे गृहस्थ एका तपाहून अधिक काळ पनवेलच्या खाडीचीं आणि भोंवतालच्या डोंगरांचीं छायाचित्रें घेत आहेत. नवी मुंबई म्हटली कीं, लोकांच्या डोळ्यांपुढें १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें आंखलेले रस्ते आणि इमारती येतात. त्या इमारतींच्या पाठीशीं ऋतूंचें जें चक्र चाललेलें असतें, तें पाहावयाचें असेल तर यांचा संग्रह उघडावा. आषाढांत पारसिकच्या डोंगरावरून उतरणारे पांढरे ओहळ, भाद्रपदांत गवतास आलेले तुरे, मार्गशीर्षाच्या सुमारास चिखलांत उतरणारे रोहित पक्षी, आणि वैशाखांत त्याच चिखलास पडलेल्या भेगा. चिखल वाळतां वाळतां आकसतो, ताण असह्य झाला म्हणजे तडकतो, आणि त्याचे असे तुकडे पडतात कीं, कोणा कुशल गवंड्यानें फरसबंदी केली असावी. ओहोटीचें उतरतें पाणी चिखलावर ज्या फांद्या कोरून ठेवतें, त्या पिंपळाच्या पानाच्या शिरांशीं तंतोतंत जुळतात. ओहोटीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. त्यामुळें कोंवळें ऊन आणि पूर्ण ओहोटी यांची गांठ पडण्यास एकदां चुकल्यावर पंधरवडाभर थांबावें लागतें. असा धीर ज्यास आहे, त्याच्याविषयीं आम्हांस आदर वाटतो, हें पुढील टीकेच्या आधींच सांगून ठेवलेलें बरें.

त्या दिवशीं दिवाळे गांवच्या कोळीवाड्यांतील एक वृद्ध कोळी कांहीं कामानिमित्त तेथें आले होते. संग्रह पुढें ठेवतांच त्यांनीं एका चित्रावर बोट ठेवून, ही उधाणाची ओहोटी, भांगेला चिखल एवढा उघडा पडत नाहीं, असें सांगितलें. आमचे मित्र सुखावले. परंतु पुढचें पान उलटतांच म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "आमचे खुंट कोणीं उपटले?" जाळें बांधण्यासाठीं त्यांनीं खाडींत रोंवलेले चार खुंट नेमके त्या जागीं होते, आणि चित्रांत पाणी आरशासारखें स्वच्छ! खुंट कोठेंही गेले नव्हते. सूर्यबिंबाच्या वाटेंत येतात म्हणून आमच्या मित्रांनीं ते संगणकावर पुसून टाकले होते. हें समजावून सांगण्यास बराच वेळ लागला; आणि समजल्यावरही ते वृद्ध उठून खाडीवर जाऊन खात्री करून आले.

मित्रांचा बचाव असा कीं, कवी सर्वच सांगत नाहीं, चित्रकार झाड हवें तेथें हलवितो, मग छायाचित्रकारानेंच काय पाप केलें? या युक्तिवादाचें उत्तर त्या म्हाताऱ्यानें देऊन ठेवलें होतें. त्यानें चित्रावर संशय घेतला नाहीं, खाडीवर घेतला. चित्रकाराकडे आपण त्याची दृष्टि मागण्यास जातों. छायाचित्रास आपण साक्षीदार मानतों. आणि साक्षीदारानें थोडें सांगितलें तर चालतें, पण जें सांगितलें त्यांत खाडाखोड चालत नाहीं.

मग जें चौकटींतच घेतलें नाहीं, त्याचें काय? खिडकीला कडा असतात, हें पाहणारा जाणतो. म्हणून एका चित्रांत सांडपाण्याचा नाला वगळला तर आम्ही त्यास असत्य म्हणणार नाहीं. परंतु बारा वर्षांच्या शेंकडों चित्रांत तो एकदांही येऊं नये, यास केवळ निवड म्हणतां येईल काय? खाडींत मिसळणाऱ्या सांडपाण्यानें शेवाळ माजतें. धाकट्या रोहित पक्ष्याचें तेंच मुख्य अन्न, आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्याच अन्नांतून येतो. वगळलेली वस्तु अशी पुष्कळदां दाखविलेल्या सौंदर्याच्याच मुळाशीं असते.

अशा वगळण्याचे परिणाम केवळ रसिकांपुरते राहत नाहींत. कार्लटन वॉटकिन्स यांनीं १८६१ सालीं अमेरिकेंतील योसेमिटी खोऱ्याचीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांचा १८६४ सालच्या संरक्षक कायद्यास हातभार लागला असें मानतात. हें मोठेंच कार्य. पण बहुतेक चित्रांत तें खोरें निर्मनुष्य दिसतें, आणि तेथील मूळच्या रहिवाशांवर तर १८५१ सालींच सशस्त्र तुकडी चालून गेली होती. निर्मनुष्य भूमि पाहून ती कोणाची, हा प्रश्न मनांत उठतच नाहीं. ज्या नगराची उभारणी आगरी-कोळ्यांच्या ९५ गांवांच्या जमिनीवर झाली, त्या जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ सालीं जासई येथें माणसें गोळीबारास बळी पडलीं, तेथें तरी हा प्रश्न पुसला जाऊं नये.

बेलापूरच्या समोर, खाडीपलीकडे, सुमारें ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठीं ती कापून काढली, उलवे नदीचा ओघ वळविला, चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर इत्यादि गांवांतील लोक उठले; ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटनही झालें. त्या प्रसंगानंतर आमच्या मित्रांनीं आपल्या संग्रहांत ती टेकडी शोधली. निवडक चित्रांत ती कोठेंच नव्हती, कारण विजेच्या तारा आणि मनोरे मध्यें येत म्हणून ते कॅमेरा नेहमीं दुसरीकडे वळवीत. शेवटीं टाकून दिलेल्यांत एक सांपडलें : आश्विनांतील संध्याकाळ, तिरपें ऊन, मनोऱ्यांच्या रांगेमागें ती टेकडी, आणि अगदीं पुढें पाण्यांत चार खुंट. तें त्यांनीं मोठें करून घेतलें आहे. एक प्रत दिवाळे गांवीं गेली.