अर्थाविना पाठ

पनवेलच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचे म्हणजे बायफोकल घ्यायचे. विषय 200 गुणांचा. रूढ रचनेत त्यापायी दुसरी भाषा, म्हणजे बहुतेकांची मराठी, आणि बरेचदा जीवशास्त्रही सुटते. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्या जवळ असल्याने पालकांना हा व्यवहार परवडतो. पण एवढे सोडून मुलाच्या हाती पडते ते ज्ञान की नुसता पाठ, हा प्रश्न मला गुणांपेक्षा मोठा वाटतो, आणि तो आपल्या धर्मविचारात फार जुना आहे. वेद मुखोद्गत, पण अर्थ ठाऊक नाही, अशा माणसाला यास्काच्या निरुक्तात भार वाहणारा खांब म्हटले आहे.

बारावीच्या दुसऱ्या पेपरातला 8085 मायक्रोप्रोसेसर घ्या. इंटेलची ही चिप 1976ची. ओळीने ठेवलेल्या संख्यांच्या बेरजेचा प्रोग्राम मुले जर्नलमध्ये उतरवतात आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहितात. त्यात ‘डीसीआर सी’ या सूचनेने मोजणी एकाने घटते, ती शून्यावर आली का, हे झीरो फ्लॅगवरून पाहून ‘जेएनझेड’ मागे उडी घेते. या दोघींच्या मध्ये ‘आयएनएक्स एच’ आली तरी बिघडत नाही, कारण ती फ्लॅगना हात लावत नाही. तिथेच ‘आयएनआर बी’ घातली तर झीरो फ्लॅग बदलतो आणि फेऱ्यांचा हिशेब कोलमडतो. पाठ केलेल्याला हा फरक दिसत नाही. यंत्रालाही दिसत नाही. ते दोन्ही सूचना निमूट पाळते. अर्थ न कळताही नियम पाळता येतात, हे तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980मध्ये ‘चिनी खोली’च्या कल्पनेतून मांडले. मग या विषयात माणसाने करण्याजोगे उरते ते अर्थ लावणेच.

कुणी म्हणेल, घनपाठ्यांनी अक्षर न अक्षर घोकले म्हणून तर वेद टिकले. खरेच आहे. शब्दांची उलटसुलट आवर्तने करून चुकीला वाव न ठेवणारा घनपाठ ही थोर कामगिरी आहे. पण त्याच परंपरेने सहा वेदांगांत उच्चारासाठी शिक्षा ठेवली, तसे अर्थासाठी निरुक्तही ठेवले; एकावर भागेल असे मानले नाही. ‘आधी पाठ, अर्थ मागाहून’ हेही मला मान्य आहे, मात्र ते मागाहून बारावीच्या आत यायला हवे, कारण पुढे कित्येकांचा 8085शी संबंधच उरत नाही. राहिला परीक्षेचा आक्षेप, की अर्थ कळला हे तपासायचे कसे. प्रॅक्टिकलला परीक्षकाने प्रोग्राममधली एक ओळ बदलून ‘आता काय होईल?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर मराठीत आले तरी पूर्ण गुण द्यावेत.